टाचणीच्या परीक्षेची तयारी

आमच्या दवाखान्यात कंपाउंडर दारातच माणसं वाटून टाकायचा. खोकलेवाले भिंतीकडच्या बाकावर, तापवाले मधल्या बाकावर, जुलाबवाले दाराजवळ आणि खरूज-नायटेवाले बाहेर ओट्यावर. "कशासाठी?" हे तो मोठ्यानं विचारायचा आणि उत्तरही मोठ्यानंच द्यावं लागायचं. पुटपुटलेलं त्याला चालत नसे. मग तो पुठ्ठ्यावर लिहिलेला नंबर हातात ठेवायचा. त्यामुळे अमरावतीत जवाहर गेटच्या आतल्या आमच्या सगळ्या वस्तीला कोणाचं पोट कधीपासून बिघडलंय आणि कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, हे बसल्या जागी कळायचं.

मला ही पद्धत आवडायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली, आणि आमच्या घराच्या सगळ्या याद्या माझ्याकडे असत. धुण्याची वेगळी, वाणसामानाची वेगळी, आणि दवाखान्याची तर स्वतंत्र वही. आईला दम्याचा खोकला होता. दर आठ दिवसांनी तिची बाटली घेऊन जायचं, कंपाउंडर लाल औषध भरून बाटलीला डोसांच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा, आणि किती खाचा उरल्या, परत कधी जायचं, हे मी वहीत लिहायची. एकही फेरी कधी चुकली नाही.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागेच आमच्याकडची पुष्कळ माणसं बौद्ध झाली होती. पूर्वी ओट्यावर थांबणारी ती माणसं आता आत येऊन बाकावर बसत. आई आपली पिशवी त्यांच्यात आणि आपल्यात ठेवायची. मीही ती पिशवी कधी उचलली नाही.

एका सकाळी आम्ही खोकल्याच्या बाकावर होतो. डॉक्टरांच्या खोलीचा पडदा अर्धवट सरकलेला होता आणि मला आतलं सगळं दिसत होतं. स्टुलावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. त्याच्या पाठीवर फिकट डाग होता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला आणि टाचणीनं ते एकेका जागी टोचायला लागले. टोचलं की विचारायचे, "कुठं?" माणूस हात मागं नेऊन बोट ठेवायचा. डागावर टोचलं की तो नुसता बसून राहायचा. मधे डॉक्टरांनी न टोचताच विचारलं, तेव्हाही तो बसून राहिला.

"इथं टोचलं, कळलं नाही?"

"नाई साहेब." त्याला हसू आलं होतं. "दुखतच नाई. म्हंजे चांगलंच हाय नं?"

"महारोग आहे तुला," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा आणि मोठा होता, कंपाउंडरला हाक मारावी तसा. "बाकावर बसू नको. बाहेर थांब, औषध तिथं मिळेल."

आधी तापवाले उठले. मग खोकलेवाले. आईनं माझा दंड धरून मला ओढलं, तिची बाटली बाकावरच राहिली. कंपाउंडरनं बादली आणून बाक फिनाइलनं धुतला. तो माणूस ओट्याच्याही खाली, रस्त्यावर उन्हात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून थोडं उरलं होतं, म्हणजे त्याला ते पुसायचं सुचलं नव्हतं. पुढचा महिना-दीड महिना त्या दवाखान्याचे बाक रिकामेच होते. आम्हीही औषध दुसरीकडून आणलं.

माझ्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधे, पुरीएवढा फिकट डाग होता. वर्षभर होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून तो कुठल्या यादीत नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर मी न्हाणीत गेले आणि टाचणीनं टोचून पाहिलं. डागाच्या बाहेर चार वेळा टोचलं, चारही वेळा कळलं. डागात सहा वेळा टोचलं. रक्ताचे सहा थेंब आले, कळलं एकही नाही. ते मी वहीत लिहिलं आणि वही आईला दाखवली. आईला वाचता येत होतं, पण सावकाश. वाचून झाल्यावर तिनं ते पान फाडून चुलीत घातलं.

"कोणाले सांगशीन नोको," ती म्हणाली. "तुया बापाले त बिलकुल नाई."

"माय, त्याले औषध असन."

"औषध त्या माणसालेबी देल्लं. कुठी देल्लं? रस्त्यावर."

त्याच महिन्यात मला पाहायला अकोल्याची मंडळी आली. त्यांची तेल्हाऱ्याकडे काळी जमीन होती, घर अकोल्यात, मुलगा बी.ए. झालेला. आम्हीही शेतीवाल्या घरातले, पण वडलांनी आपला वाटा भावांना देऊन कापसाच्या जिनिंगमधे नोकरी धरली होती, त्यामुळे हे स्थळ आमच्या दोन पायऱ्या वर होतं. मी बाह्या मनगटापर्यंत असलेलं पोलकं घातलं होतं. मुलाच्या आईनं मला शेजारी बसवलं, बांगड्यांचं माप पाहायचं म्हणून हात हातात घेतला आणि बाही सरळ कोपरापर्यंत वर केली.

"हे काय होय?"

"लहानपनी भाजलं होतं," आई म्हणाली.

"भाजल्याचा डाग असा नसते, बाई. मी काय आज जन्मली?" त्या बाईंनी बाही पुन्हा खाली केली, नीट, बटण लावून. "पोरगी आमाले पसंत हाय. डॉक्टरची चिठ्ठी पाठवा, का डाग साधा हाय. मंग तारीख काढू."

ते गेल्यावर आई चुलीपुढे बसून राहिली. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. रडून काही होणार नव्हतं आणि परीक्षा कशी असते हे मी पाहिलेलं होतं. प्रश्न माहीत असलेली परीक्षा नापास होण्याचं मला काही कारण दिसेना.

मी डागाचे तीन भाग केले: मनगटाकडचा, मधला, कोपराकडचा. आईनं माझ्या मागं उभं राहायचं, पोरगी भेते म्हणून उजव्या खांद्यावर हात ठेवायचा. मनगटाकडे टोचलं तर अंगठा दाबायचा, मधे टोचलं तर मधलं बोट, कोपराकडे टोचलं तर करंगळी. डागाबाहेर टोचलं तर मला कळणारच होतं. टोचलंच नाही तर तिनं हात सैल ठेवायचा. वडील जिनिंगमधे गेले की दुपारी आम्ही सराव करायचो. मी डोळ्यांवर पदर बांधायची. आई डाव्या हातात टाचणी घेऊन टोचायची आणि उजव्या हाताचं बोट दाबायची. पहिल्या दिवशी विसातले अकरा बरोबर आले. आई करंगळी आणि मधलं बोट दोन्ही सोबतच दाबायची.

"करंगळी एकटी दाब नं, माय."

"ते एकटी दबतच नाई. मी काय पेटी वाजवतो?"

दुसरी अडचण वेळेची होती. डागाबाहेर टोचलं की माझं बोट लगेच जायचं आणि डागात टोचलं की उशिरा. डॉक्टरच्या ते लक्षात आलं असतं. म्हणून मी ठरवलं, कुठंही टोचलं, कळलं तरी मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि मगच बोट ठेवायचं. पाचव्या दिवशी विसातले वीस आले. आई दुसरीतून शाळा सोडलेली बाई, पण इतकी हुशार ती मला आधी कधी दिसली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो. तिनं माझ्या हातावरचे टोचल्याचे ठिपके खोबरेल लावून पुसले आणि गोड शिरा केला. एवढं सुख आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा कधी झालं नाही, हे मला नमूद केलं पाहिजे.

टोचल्याचे ठिपके जावेत म्हणून मी मधे आठ दिवस सोडले. मग दवाखान्यात गेलो.

"कशासाठी?" कंपाउंडरनं विचारलं.

"खोकला," आई म्हणाली, आणि पुरावा म्हणून खोकली.

आत गेल्यावर तिनं खरं काम सांगितलं. डॉक्टर पन्नाशीचे होते, नागपूरला शिकलेले. त्यांनी डाग पाहिला, पडदा नीट ओढून घेतला आणि माझ्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. टॉवेलला साबणाचा कडू वास होता. आईचा हात खांद्यावर आला. तो गरम होता. अंगठा, मधलं बोट, करंगळी, सगळं जागच्या जागी पडत होतं. एक-दोन-तीन, बोट. एक-दोन-तीन, बोट. एकदा ते न टोचता "कुठं?" म्हणाले. आईचा हात सैल होता. मी म्हटलं, "टोचलंच नाही."

टॉवेल काढण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली जी आमच्या यादीत नव्हती. माझं कोपर वाकवून त्यांनी मागच्या खळगीत दोन बोटं घातली आणि काहीतरी चाचपलं. आत सुतळी असावी तसं काही त्यांच्या बोटांखाली सरकलं आणि माझ्या करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. त्यांनी टॉवेल काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. आईच्या हाताकडे पाहिलं, जो अजून माझ्या खांद्यावर होता.

"पास," ते म्हणाले.

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: हातावरील डाग साधा आहे, काळजीचे कारण नाही. खाली सही. आई त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा ते हात धुवायला उठले होते. आम्ही पडद्याशी पोचलो तेव्हा मान न वळवता त्यांनी एवढंच सांगितलं, "पावसाळा झाला की हिला परत आणा. विसरू नका."

मी विसरत नसते. घरी येऊन वहीत लिहिलं: पावसाळ्यानंतर दवाखाना, माझ्यासाठी.

वैशाखात लग्न झालं. चिठ्ठी सासूबाईंनी घडी करून आपल्या बटव्यात ठेवली. वही मी अकोल्याला सोबत नेली होती. दसऱ्याच्या साफसफाईची यादी करताना मागच्या पानावर ती ओळ दिसली. अमरावतीला दवाखान्यात जायचं म्हणजे सासूबाईंना कारण सांगावं लागलं असतं. डाग दुखत नव्हता. मी त्या ओळीवर रेघ मारली, झालेल्या कामावर मारतात तशी, सरळ, पट्टी लावून.

सासूबाई मला कामाला चांगलं म्हणत. माझा हात चटपटीत होता आणि दुसऱ्या वर्षापासून तर डाव्या हाताला चटकाही बसेनासा झाला. मी तव्यावरची भाकर चिमट्याशिवाय पलटवायची. तेल्हाऱ्याचे पाहुणे आले की सासूबाई त्यांना स्वयंपाकघराच्या दारात बोलावून दाखवायच्या. "पाहा आमची सून. इस्तवालेबी भेत नाई." पाहुण्या बायका आपल्या सुनांकडे पाहायच्या. मला ते आवडायचं. मी अंगठ्याजवळच्या बोटांऐवजी मुद्दाम करंगळीच्या बाजूनं भाकर उचलायला लागले, कारण त्या बाजूला काहीच कळत नव्हतं आणि भाकर झपकन निघायची.

तिसऱ्या वर्षी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. बांगडी चढवताना ती बोटं सरळ होईनात. मग एकदा करंगळीला फोड आला, तो फुटला, चिघळला, आणि वास आला म्हणून सासूबाईंनी हात ओढून पाहिला. पदर घेऊन त्या मला टिळक रोडवरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

तिथले डॉक्टर तरुण होते. दारात कोणी काही ओरडून विचारत नव्हतं, पडदा जाड होता, बाकावर सगळे आजार शेजारी शेजारी बसले होते. त्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सांगितलं, "टोचलं की बोट ठेवा." मी खांद्यावरच्या हाताची वाट पाहिली. सासूबाई समोरच्या खुर्चीवर होत्या, त्यांचा श्वास मला समोरून ऐकू येत होता. खांदा मोकळा होता. मी एक-दोन-तीन म्हटलं आणि अंदाजानं मधल्या भागावर बोट ठेवलं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "मी अजून टोचलंच नाही."

पुढचं त्यांनी सासूबाईंना हळू आवाजात समजावून सांगितलं: औषध आहे, दोन-तीन वर्षं घ्यावं लागेल, घरात राहून घेता येईल, भिण्याचं कारण नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बटवा उघडून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे तुमच्याच धंद्यातल्या मान्साची हाय. आता तुमचं खरं मानू का त्याचं?"

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, तारीख पाहिली, आणि घडी करून परत दिली.

घरी आल्यावर सासूबाई आत जाऊन मुलाशी बोलल्या आणि तासाभरात माझी ट्रंक अंगणात आली. नवऱ्यानं ती भरली होती. घड्या त्याला घालता येत नव्हत्या, त्यामुळे सगळी लुगडी बोचक्यासारखी कोंबलेली होती. मला ती पुन्हा घडी घालून भरावीशी वाटली, पण अंगणात उभं राहून ते बरं दिसलं नसतं. तो माझ्यासोबत मोटारस्टँडपर्यंत आला, दहा पावलं मागून. सासूबाई दारातच थांबल्या. "लेकरू झालं नाई," त्या म्हणाल्या, "हे त्या देवाचे उपकार." आणि चिठ्ठी माझ्या ट्रंकेवर टाकली. "तुया मायले देजो. लय कामाची वस्तू हाय."

मी ती आईला दिली. आईनं ती वाचली नाही, तिला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवाहर गेटच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडर थकला होता, पण आवाज तोच होता.

"कशासाठी?"

आईनं खोकायला तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोलले.

"महारोग," मी म्हटलं. पुटपुटले नाही.

तापवाले उठले, खोकलेवाले उठले, जुलाबवाले दाराजवळच होते, ते सगळ्यांत आधी बाहेर गेले. कंपाउंडरनं नंबर दिलाच नाही, द्यायची गरजही राहिली नव्हती. डॉक्टर पडदा सारून बाहेर आले, रिकामे बाक पाहिले आणि मला म्हणाले, "ओरडायचं कशाला?"

"इथं ओरडूनच सांगावं लागते."

त्यांनी आम्हाला आत घेतलं. त्यांचे केस पांढरे झाले होते. हात पाहिला, बोटं सरळ करून पाहिली, ती झाली नाहीत. मग त्यांनी माझं कोपर वाकवलं आणि त्याच खळगीत दोन बोटं घातली.

"तुमाले तवाच समजलं होतं," मी म्हटलं.

"ही शीर तेव्हाही दोरीसारखी जाड होती. टाचणीची परीक्षा शिकवून आणता येते, ही शीर शिकवता येत नाही."

"मंग चिठ्ठी काहून देल्ली?"

"तुम्ही चिठ्ठी मागायला आला होता. औषध मागायला आला असता तर औषध दिलं असतं." त्यांनी माझा हात खाली ठेवला. "त्या माणसाच्या वेळी मी मोठ्यानं बोललो आणि दीड महिना हे बाक रिकामे राहिले. तू पाहिलंच असशील. पुन्हा मला ते नको होतं. आणि पावसाळ्यानंतर आण असं सांगितलं होतं की नाही?"

"सांगतलं होतं."

"मग?"

रेघ मारल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मागचं कपाट उघडून दुसऱ्या फळीवरून तपकिरी बरणी काढली. पांढऱ्या, साध्या, लहान गोळ्या. ते त्या कागदाच्या पुडीत मोजून घालत असताना मी विचारलं, "ह्या तवा होत्या?"

"होत्या. याच बरणीत. त्या माणसालाही याच दिल्या. दर आठवड्याला यायचा, तिथं रस्त्यावर उभा राहून घ्यायचा. तीन वर्षं एक फेरी चुकली नाही." त्यांनी पुडी बांधली. "बरा झाला. बडनेऱ्याला स्टेशनावर ओझी उचलतो. दहाही बोटं सरळ आहेत."

आई पहिल्यांदाच बोलली. "त्याले बिचाऱ्याले कोणी नव्हतं," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यांना खरंच हसू आलं होतं. "तेच बरं झालं त्याचं," ते म्हणाले.

गोळ्यांसाठी मी पुढची काही वर्षं जात राहिले. दर आठवड्याची फेरी वहीत असे आणि त्यातली एकही चुकली नाही. कंपाउंडरनं आमच्यासाठी वेगळी वेळ ठरवली, बाकीचे गेल्यावरची. कधी आधी पोचलो तर बाकावर आमच्या दोन्ही बाजूंना लोकांच्या पिशव्या असत. आई आपली पिशवी मांडीवर घेऊन बसायची. वडील घरात होते, पण माझं ताट वेगळं घासलं जाई आणि ते कोणी घासायचं याची यादी करायची गरज नव्हती. आजार हटला. बोटं तशीच राहिली. आता पन्नाशीला आले, तरी वहीचं पान मी डाव्या हाताच्या मुठीनं दाबून धरते आणि उजव्या हातानं लिहिते.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलंय. गोळ्या दिल्यावर डॉक्टर म्हणाले, नोंद करायला टाचणीची परीक्षा एकदा नीट घेतली पाहिजे, म्हणजे पुढं फरक कळेल. त्यांनी टॉवेल टाकला. त्याला तोच कडू वास होता. टोचण्या ते मोठ्यानं मोजत होते, म्हणजे आता लपवायचं काही नव्हतं. एक. मला कळलं, मी बोट ठेवलं, लगेच, तीन न मोजता. दोन. कळलं नाही. मी गप्प राहिले.

तेवढ्यात उजव्या खांद्यावर हात आला. मधलं बोट दाबलं गेलं.

मला वाटलं सवयीनं झालं असेल. तीन, डॉक्टर म्हणाले. खांद्यावर करंगळी दाबली गेली, अगदी एकटी, नीट, जशी मी तिला पाच दुपारी शिकवली होती. मी बोट ठेवलं नाही. चार. अंगठा, जोरात. मी विसरले असेन असं तिला वाटलं असावं, कारण पाचव्या वेळी तिनं वाकून माझ्या कानाशी सांगितलं, "मधात, मधात." तिच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

डॉक्टरांनी तिला थांबवलं नाही. ते मोजत राहिले.

"माय, हात काढ," मी म्हटलं.

तिनं काढला नाही. बारापर्यंत ती दाबत होती. तिचं एकही चुकलं नाही. माझी बारातली चार आली, आणि डॉक्टरांनी कागदावर तेवढीच लिहिली.